तुराट्यांचा जाळ आणि बिडाचा तवा

परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या वालूरच्या आसपास सगळं काळं रान. कापूस आणि तूर निघाली की चुलीला पऱ्हाट्या आणि तुराट्या मिळतात. हे जळण भसकन पेटतं आणि तितक्याच लवकर बसतं. त्यावर पातळ तवा ठेवला तर धपाटं एकीकडे करपतं, दुसरीकडे कच्चं राहतं. जाड बिडाचा तवा जाळाचा हा चढउतार स्वतःत जिरवतो. म्हणून धपाटी बिडावरच करावीत, घरात गॅस असला तरी.

आधी तवा ठेवा, मग पिठाला हात लावा. बिडातून उष्णता सावकाश पसरते. ॲल्युमिनियममधून ती चौपटीहून जास्त सहज वाहते. तेव्हा आच मध्यम ठेवा आणि तव्याला आठ-दहा मिनिटं द्या. गॅसची शेगडी लहान असेल तर तवा मधूनमधून सरकवा. मोठ्या जाळावर घाई केली की मध्य लाल व्हायला येतो, कडा मात्र गारच.

तोवर दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक परातीत घ्या. हिरव्या मिरच्या, लसूण, जिरं वाटून घाला. हळद, तीळ, ओवा, कोथिंबीर, मीठ. ज्वारीला चिकटपणा नसतो, म्हणून कोमट पाण्याने चांगलं मळा. ओल्या फडक्यावर गोळा थापा, मधे बोटाने भोकं पाडा.

तव्यावर पाण्याचे चार थेंब टाकून पाहा. नुसते बसून राहिले तर थांबा. चर्र करून लगेच आटले तर तवा तयार. मोत्यासारखे पळू लागले तर फार तापलाय. दोन तुराट्या मागे ओढा.

तेलाचं बोट फिरवा, फडक्यासकट धपाटं उलटं टाका आणि फडकं सोडवा. खरी परीक्षा इथेच. ओल्या पिठातलं पाणी वाफ होताना तव्याची बरीच उष्णता ओढून घेतं. वजनाला वजन धरलं तर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता साठवतं, हे खरं. पण बिडाचा तवा असतो जाडजूड. दोन किलोचं बीड अर्ध्या किलोच्या ॲल्युमिनियमच्या तव्यापेक्षा दुप्पट साठा धरतं. साठा मोठा, म्हणून तवा लगेच गार पडत नाही, आणि धपाटं चिकटण्याआधी त्याला पापुद्रा धरतो. तो धरेपर्यंत उलथणं लावू नका. कडा आपोआप सुटल्या की भोकांत तेल सोडा, उलटा, दुसरी बाजू भाजा.

प्रत्येक धपाट्यानंतर तव्याला अर्धं मिनिट मोकळं राहू द्या, साठा पुन्हा भरतो. शेवटचं धपाटं टाकलं, एक बाजू झाली, की जाळ ओढून घ्या. दुसरी बाजू उरलेल्या धगीवर निघते. त्यानंतरही ठेच्याच्या मिरच्या आणि मूठभर शेंगदाणे भाजण्याइतकी धग राहते. ती वाया घालवू नका.

तापलेल्या तव्यावर गार पाणी कधीही ओतू नका. बीड ठिसूळ असतं, तडकतं. कोमट झाल्यावर धुवा, चुलीवरच कोरडा करा आणि तेलाचा अगदी पातळ हात द्या. जाड थर दिला तर तो चिकट होतो.