चिठ्ठी नवी करण्याआधी

माझ्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे अण्णांनी, बोअरसाठी गावातल्याच एकाकडून एक लाख रुपये उचलले, तीन टक्क्यांनी. गावाकडे तीन टक्के म्हणजे महिन्याला शेकडा तीन, हे कुणी वेगळं सांगत नाही. कांद्याचे पैसे हातात आले की अण्णा दरवर्षी तीस हजार नेऊन द्यायचे, जुनी चिठ्ठी फाडायची आणि नवी लिहून द्यायची. तीन वर्षांत नव्वद हजार गेले, तरी नव्या चिठ्ठीवर आकडा सव्वा लाखाच्या वर. घरात सगळ्यांना वाटलं की बेरजेत लबाडी आहे. मी कागद घेऊन हिशोब मांडला. बेरीज बरोबर होती.

पहिल्या वर्षाचं व्याज झालं 36,000. अण्णांनी दिले 30,000. राहिलेले 6,000 नव्या चिठ्ठीत मुद्दल होऊन बसले, म्हणजे 1,06,000. पुढच्या वर्षी त्या सहा हजारांनाही व्याज लागलं. व्याज झालं 38,160 आणि तीस हजार वजा जाऊन शिल्लक 1,14,160. तिसऱ्या वर्षाअखेर 1,25,258. पहिल्याच वर्षी तिसाऐवजी छत्तीस हजार भरले असते तर मुद्दल लाखावर थांबलं असतं. भरणा व्याजापेक्षा कमी पडला की कर्ज वाढतं, मग माणूस कितीही नेमाने पैसे भरत असो. अण्णांचा नेम कधी चुकला नव्हता, म्हणून मला त्या कागदाचा जास्त राग आला.

चिठ्ठी नवी करण्यातली खरी मेख हीच आहे. त्या क्षणी व्याजाचं मुद्दल होतं, आणि जुनी फाडली की मुळात किती उचलले होते याचा पुरावाही जातो. आपल्याकडे हे दुखणं जुनं आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि रोखे हिसकावून जाळले, आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरलं. त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला, त्याने न्यायालयाला खतावरच्या आकड्याच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासायला सांगितलं; मुद्दल वेगळं, व्याज वेगळं मांडायला लावलं. अण्णांच्या चिठ्ठीचाही हिशोब तसाच मांडावा लागला.

म्हणून कर्ज घेताना ‘किती टक्के?’ एवढंच विचारून उठू नका. दर महिन्याचा की वर्षाचा, आणि राहिलेलं व्याज मुद्दलात कधी धरणार, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय त्या टक्क्याला अर्थ नाही. एक लाख, महिना तीन टक्के, तीन वर्षं काहीच भरलं नाही असं धरू. सरळव्याजाने देणं होतं 2,08,000. वर्षातून एकदा व्याज मुद्दलात धरलं तर 2,51,546. दर महिन्याला धरलं तर सुमारे 2,89,800. दर तोच, मुदत तीच, आणि फरक ऐंशी हजारांहून जास्त.

हे करायला गणितात हुशार असावं लागत नाही. फोनच्या कॅल्क्युलेटरवर एक लाख घ्या आणि 1.03 ने गुणत जा. जितके महिने, तितक्या वेळा. वर्षाचा हिशोब असेल तर 1.36 ने, जितकी वर्षं तितक्या वेळा. मध्ये काही भरलं असेल तर त्या टप्प्यावर ते वजा करून पुढे गुणा. तेवढाही वेळ नसेल तर 72 ला दराने भागा: महिना 3 टक्के असेल तर 72 भागिले 3, म्हणजे 24 महिन्यांत रक्कम दुप्पट. दर महिन्याचा असेल तर उत्तर महिन्यांत येतं, वर्षाचा असेल तर वर्षांत.

आता कायद्याचं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण घेऊन वर्षाला 9 टक्के आणि विनातारण 12 टक्के एवढीच कमाल मर्यादा ठरवून दिलेली आहे. एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, ज्याला आपण दामदुपट म्हणतो. अण्णांच्या त्याच तीस-तीस हजारांचा हिशोब मी 12 टक्क्यांनी मांडला, तेव्हा तीन वर्षांनी बाकी आली 39,261. सव्वा लाख कुठे आणि हे कुठे! तक्रारीसाठी तालुक्याला सहकारी संस्थांचे सहायक निबंधक आणि जिल्ह्याला उपनिबंधक असतात. जाताना हातात कागद हवा, म्हणून चिठ्ठी फाडण्याआधी तिचा फोटो काढा आणि प्रत्येक भरण्याची तारखेसह सही घ्या. सही द्यायला नकार मिळाला तर पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या, म्हणजे नोंद आपोआप राहते.

बँकेत गेलात म्हणून हेच प्रश्न सुटत नाहीत. पीककर्ज थकीत होईपर्यंत त्यावर चक्रवाढ लावू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, पण थकलं की व्याज मुद्दलात जाऊ शकतं. म्हणून परतफेडीची तारीख शाखेत विचारून लिहून ठेवा. क्रेडिट कार्डावर महिना साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते दर महिन्याला चढत गेले तर वर्षाचे 51 टक्के होतात. नुसती ‘किमान रक्कम’ भरत राहिलं तर पैशाचा मोठा भाग व्याजातच जातो. आणि कुणी ‘फ्लॅट दहा टक्के’ म्हणालं तर सावध व्हा. लाखाचं कर्ज, तीन वर्षं, हप्ता 3,611. यात मुद्दल दर महिन्याला फिटत असतं, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलेलं असतं. घटत्या बाकीवर मोजलं तर हा दर 18 टक्क्यांच्या आसपास पडतो.

1 ऑक्टोबर 2024 पासून बँकांनी आणि वित्तसंस्थांनी किरकोळ कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात एपीआर नावाचा वार्षिक दर असतो, आणि प्रक्रिया शुल्कासारखे खर्चही त्यात धरलेले असतात. दोन ठिकाणची कर्जं ताडून बघायची असतील तर जाहिरातीतला टक्का सोडा आणि हा आकडा समोरासमोर ठेवा. हा कागद तुमच्या भाषेत मागायचा हक्क तुम्हाला आहे. सही करण्याआधी तो घरी न्या आणि ज्याला गुणाकार येतो अशा कुणालाही शेजारी बसवून वाचा.