श्टुटगार्टमधील परदेशी रहिवासी आणि आजारपणाचा विमा

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार केला. श्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी. मुंबईशी तिचे भगिनी-शहराचे नाते १९६८ पासूनचे आहे. मोटारी व यंत्रे यांच्या कारखान्यांमुळे परदेशी अभियंते, कामगार आणि विद्यार्थी या शहरात मोठ्या संख्येने राहतात. परदेशी जाणारा तरुण नोकरी, भाषा व घरभाडे यांची चौकशी आधीच करतो. विम्याची चौकशी मात्र बहुधा तेथे पोचल्यावर होते. वास्तविक पहिल्या काही आठवड्यांत केलेली विम्याची निवड पुढे सहजासहजी बदलता येत नाही.

जर्मनीत हा विमा ऐच्छिक नाही. विम्याचा पुरावा नसेल तर निवासाचा परवाना मिळत नाही. कामगारांच्या आजारविम्याचा कायदा बिस्मार्क यांच्या कारकीर्दीत, १८८३ साली झाला. आजची व्यवस्था त्याच पायावर उभी आहे. आपल्याकडील कर्मचारी राज्य विमा योजनेप्रमाणे तेथेही वर्गणी वेतनातूनच कापली जाते. मूळ वर्गणी वेतनाच्या १४.६ टक्के असून तीत प्रत्येक निधीची थोडी जादा आकारणी मिळविली जाते. हा भार मालक व नोकर निम्मा-निम्मा उचलतात. वेतनाच्या एका ठराविक मर्यादेपुढील रकमेवर वर्गणी पडत नाही.

हे सार्वजनिक आजारविमा निधी अनेक आहेत. वर्गणी वेतनावर ठरते, वयावर किंवा प्रकृतीवर नव्हे. जुना मधुमेह आहे म्हणून कोणास नाकारता येत नाही. उत्पन्न नसलेली पत्नी वा पती आणि मुले यांना त्याच वर्गणीत, जादा पैसे न देता संरक्षण मिळते. कुटुंबवत्सल मराठी माणसाच्या दृष्टीने ही तरतूद फार मोलाची आहे.

ज्याचे वार्षिक वेतन विहित मर्यादेपेक्षा अधिक आहे (२०२५ साठी ही मर्यादा ७३,८०० युरो होती) त्याला खाजगी कंपनीचा विमा घेता येतो. अविवाहित, निरोगी तरुणाला तिचा हप्ता स्वस्त वाटतो आणि डॉक्टरची भेटही लवकर मिळते. परंतु हप्ता वय व प्रकृती पाहून ठरतो, पत्नी व प्रत्येक मूल यांचा निराळा भरावा लागतो आणि डॉक्टरचे बिल प्रायः आधी स्वतः भागवावे लागते. परत सार्वजनिक निधीत येणे कठीण असते. वयाच्या ५५ वर्षांनंतर तर ते जवळजवळ अशक्यच. हिशेब पहिल्या वर्षाचा न करता विसाव्या वर्षाचा करावा, तो यासाठीच.

विद्यार्थ्यांना याहून अधिक सावध राहावे लागते. तिशीपर्यंत त्यांना सार्वजनिक निधीत सवलतीची वर्गणी असते. स्वस्त खाजगी विम्यासाठी ज्याने या निधीतून सूट घेतली, त्याला तो अभ्यासक्रम संपेपर्यंत परत येता येत नाही. प्रवासासाठी येथून घेतलेली पॉलिसी ही वाटेतील संकटापुरती असते. विद्यापीठातील प्रवेशासाठी तेवढी पुरत नाही.

विमा झाल्यावर छायाचित्र असलेले कार्ड मिळते व ते दाखवून उपचार घेता येतात. साध्या आजारासाठी प्रथम घरगुती डॉक्टरकडे जाण्याची रीत आहे. तज्ज्ञाच्या भेटीसाठी कधी कधी कित्येक आठवडे थांबावे लागते. रात्री वा सुटीच्या दिवशी डॉक्टर हवा असल्यास ११६११७ आणि जिवावरचा प्रसंग असल्यास ११२ हा क्रमांक फिरवावा. चिठ्ठीवरील औषधासाठी प्रौढांना साधारणतः ५ ते १० युरो आणि रुग्णालयात दररोज १० युरो, पण वर्षात २८ दिवसांपर्यंतच, स्वतःचे द्यावे लागतात. नोकरीला चार आठवडे पूर्ण झालेल्या कामगाराला आजारपणात सहा आठवडे मालकाकडून पूर्ण वेतन मिळते. त्यानंतर निधी भत्ता देतो.

आईवडील मात्र मुलाच्या विम्यात बसत नाहीत. नातवंडांना भेटावयास जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. तो घेताना पूर्वीपासूनच्या आजारांचा खर्च वगळला आहे काय, हे कलम निघण्यापूर्वी वाचून घ्यावे. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्या वृद्धांच्या बाबतीत नेमकी तेथेच अडचण होते आणि परदेशातील रुग्णालयाचे बिल मुलाच्या बचतीतून भरावे लागते.