सासूबाईंच्या डोळ्यावरचा पापुद्रा

सासूबाईंच्या डोळ्यावर कुण्या बाळंतिणीच्या वारेतला पापुद्रा लावणार आहेत, हे तू त्यांना जेवायला बसल्या असताना सांगितलंस? धन्य आहे तुझी! मग त्यांनी ताट सरकवलं यात नवल काय गं? ज्यांनी उभा जन्म सोयर पाळलं, वार खड्डा खणून पुरली, त्यांना अशी गोष्ट एकदम सांगतात का? बरं, झालं ते झालं. आता आधी तू नीट समजून घे, मग त्यांच्याशी बोल. आणि जेवताना नको.

अख्खी वार कुणी डोळ्यावर ठेवत नाही. पोटात बाळ ज्या पाणमोटेत असतं ना, तिचा अगदी आतला, बाळाच्या अंगाकडचा पडदा तेवढा सोलून घेतात. त्यात एकही रक्तवाहिनी नसते. शिवाय आपलं शरीर त्याला परका म्हणून फारसं ओळखतही नाही, त्यामुळे किडनी बसवल्यावर जन्मभर घ्याव्या लागतात तसल्या गोळ्या याला लागत नाहीत. घेतात तोही ठरवून केलेल्या सिझेरियनमधून, कारण नेहमीच्या बाळंतपणात वार बाहेर येताना तिला जंतू लागतात. आईची संमती असते. तिची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस या सगळ्याची तपासणी होते. बऱ्याच पेढ्या तर सहा महिन्यांनी तिचं रक्त पुन्हा तपासतात आणि तोवर पडदा उणे 80 अंशांवर राखून ठेवतात. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी 1988 मध्ये सुरू झाली. तिथे हाच पडदा सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून जखमांवर लावण्यासाठी तयार करतात. म्हणजे ही काल-परवाची टूम नाही. इंग्लंडमध्ये सॉर्स्बी नावाच्या डॉक्टरांनी 1946 मध्येच भाजलेल्या डोळ्यांवर हा वापरला होता. पुढे लोक विसरले, आणि 1995 मध्ये अमेरिकेत किम आणि त्सेंग या दोघांनी सशाच्या डोळ्यांवर प्रयोग करून तो पुन्हा वर काढला.

सासूबाईंना मात्र यातलं काही सांगू नकोस. त्यांना एवढंच सांग की एका आईने दिलेला पडदा आहे, बाळाला नऊ महिने जपणारा. त्यांनी स्वतः चार बाळंतपणं काढलीत, त्यांना कळेल.

आता मुद्द्याचं बोलते, कारण तुझा नवरा फोनवर म्हणाला, "पडदा बसवला की झालं, मग थेंब बंद." तसं अजिबात नाही हं! उसाची पात लागून बुबुळ खरचटलं आणि त्या खरचटण्यातून बुरशी आत शिरली, हा त्यांचा मूळ आजार. पडदा बुरशी मारत नाही. बुरशी मारतात ते थेंब. पडद्याचं काम त्याच्या पुढचं. औषधाने जंतू आटोक्यात येतो, पण कधी कधी जखम तशीच उघडी राहते, वरची कातडी धरतच नाही. कडेच्या पेशी सरकतात, मध्यापर्यंत पोचतच नाहीत. वेलीला मांडव लागतो तसा त्या पेशींना पसरायला आधार लागतो, तो हा पडदा देतो. वर त्याच्यामुळे सूज उतरते, वण कमी धरतो आणि दुखणंही बरंच हलकं होतं. बुबुळाइतक्या दाट नसा अंगात दुसरीकडे क्वचितच सापडतील. त्या रात्र-रात्र बसून का काढतात, ते आता कळलं ना?

जखम खोल असेल तर पडद्याचे तुकडे एकावर एक खड्ड्यात भरतात आणि वरून एक मोठा अंथरतात. केसाहून बारीक टाके घालतात, नाहीतर खास गोंदाने चिकटवतात. बुबुळाची जाडी मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यातलं किती झडलंय, यावर सगळं ठरतं.

म्हणून उद्या डॉक्टरांना विचार, पण नीट विचार. खरवडून घेतलेल्या नमुन्यात काय निघालं? जंतू आता आटोक्यात आहे का? हा प्रश्न सोडायचा नाही. पडदा धुरकट असतो. तो वर बसला की खालची जखम डॉक्टरांनाही स्पष्ट दिसत नाही, आणि खाली बुरशी जिवंत राहिली तर ती झाकणाखाली पसरते. डॉक्टर "अजून आठवडाभर थांबू" म्हणाले तर ते चालढकल करतायत असं समजू नका. आणि बुबुळाला मोठं भोक पडायच्या बेतात असेल तर पडद्याने भागणार नाही, तिथे नेत्रदानातलं बुबुळच बसवावं लागतं.

तुझ्या दिराने पुण्याहून कुठलं तरी नवं औषध सुचवलंय म्हणे. त्याला सांग, मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने केलेल्या मोठ्या चाचणीत, 2013 मध्ये निकाल आला तिचा, नॅटामायसिन हेच जुनं औषध व्होरिकोनॅझोल या नव्यापेक्षा सरस ठरलं होतं. सासूबाईंना तेच चालू आहे. फक्त बाटली दर वेळी हलवायची, औषध तळाशी बसतं. डोळ्यात पांढरा चुरा दिसला तर तो औषधाचाच असतो, पू समजून पुसत बसू नका.

आणि एक गोष्ट जरा रागावून सांगते. पहिल्या दिवशी मेडिकलमधून आणलेली ती "डोळे लाल झाल्यावरची" बाटली कुठे आहे? त्यात स्टिरॉइड असलं तर लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. तसंच शेजारच्या काकू तूप, मध, अंगावरचं दूध घेऊन येतील. त्यांना चहा पाज आणि डोळ्यापासून लांब ठेव.

नजरेबद्दल खोटी आशा दाखवू नकोस, त्यांनाही आणि स्वतःलाही. पडदा आहे तोवर धुक्यातून पाहिल्यासारखंच दिसणार. काही आठवड्यांत तो आपोआप विरघळतो, कधी लवकर सुटून येतो, कधी दुसरा लावावा लागतो. त्यानंतर दिसणार किती, ते वणाचं पांढरं फूल कुठे पडलं त्यावर आहे. कडेला असेल तर बरंच दिसेल, ऐन मधोमध असेल तर पुढे बुबुळ बदलायचा विचार करावा लागेल. पण शांत, न दुखणाऱ्या, सूज नसलेल्या डोळ्यावर ती शस्त्रक्रिया जास्त टिकते. म्हणून मला विचारशील तर, डोळा राहिला आणि त्यांना रात्रीची झोप लागली, एवढं जरी झालं तरी पडदा सार्थकी लागला म्हणेन मी.

घरी आणल्यावर चोळायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, चुलीपुढे बसायचं नाही, झोपताना प्लास्टिकची वाटी लावायची. दुखणं एकाएकी वाढलं, चिकट पू आला किंवा डोळ्यातून भसकन पाणी गेलं, तर सकाळची वाट न बघता निघायचं. खर्चाचं म्हणशील तर रुग्णालयात सरकारी योजनेचा आरोग्यमित्र बसलेला असतो, भरती होण्याआधी केशरी रेशनकार्ड घेऊन त्याला गाठ. नंतर धावाधाव केलीस तर उपयोग नाही.

आणि उद्या जाताना आजवर घातलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घाल, ती मेडिकलची लपवू नकोस. सासूबाईंची साखरही तपासून घे. साखर चढलेली असेल तर जखम भरायला वेळ लागतो, आणि त्यांची साखर गेल्या दिवाळीपासून तुम्ही कुणी पाहिलेली नाही.