नवसाच्या बाळाचे पहिले बेचाळीस दिवस



या पानावर एरवी बेणे, खत आणि पाणी यांची माहिती असते. या वेळी विषय घरातला आहे. लग्नानंतर आठ-दहा वर्षांनी एखाद्या घरात पाळणा हलला की आपल्या सावर्डे परिसरात सगळी वाडी लोटते. मुंबईचे चाकरमानीही बाळ बघायला येतात. आनंद रास्तच आहे. परंतु ज्या बाळाची वाट फार पाहिली त्याचे लाडही पहिल्या दिवसापासून फार होतात, आणि तिथेच जपायला हवे.

ऊस लावल्यावर पहिले सहा आठवडे उगवणीचे. त्यात कोंब गेला तर आपण नांगी भरतो. घरात नांगी भरता येत नाही.

गडचिरोलीचा धडा : डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून तेथील ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून, घरोघरी बाळे तपासण्याची पद्धत सुरू केली. पहिल्या २८ दिवसांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण हजारी ६२ होते. १९९७-९८ मध्ये ते सुमारे २५ वर आले. मोठी यंत्रे नव्हती. ऊब, स्वच्छता, आईचे दूध आणि वेळेवर ओळखून केलेला उपचार, एवढेच होते. २०११ पासून देशभर आशाताई याच धर्तीवर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. बाळंतपण घरी झाले तर पहिल्या दिवशीही येतात. त्यांना दारातून परत पाठवू नये, बाळाचे वजन करू द्यावे.

घरच्यांनी पाळावयाच्या गोष्टी :

१) दूध – तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे. चिकाचे दूध पिळून टाकू नये, ती पहिली लसच आहे. सहा महिने फक्त आईचे दूध. पाणी, गुटी काही नको. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, त्यातून विषबाधेचा धोका असतो.

२) ऊब – पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये. डोक्याला टोपरे, पायांत मोजे असावेत. पावसाळ्यात दुपटी पूर्ण वाळवूनच वापरावीत. शेगडीचा धूर आणि धुरी नको. बाळ वजनाने कमी असेल तर आईच्या उघड्या छातीशी धरावे.

३) नाळ – कोरडी ठेवावी. हळद, तेल, राख काही लावू नये. डोळ्यांत काजळ घालू नये.

४) वजन – पहिल्या काही दिवसांत थोडे घटते, घाबरू नये. साधारण दोन आठवड्यांत भरून येते.

५) पाहुणे – हात साबणाने धुतल्याशिवाय कोणी बाळ घेऊ नये. सर्दी-खोकला असलेल्याने लांबूनच बघावे. मुका कोणीच घेऊ नये.

ताबडतोब दवाखाना केव्हा? बाळ दूध ओढत नाही, मलूल पडले, अंग गार किंवा तापलेले, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाते, झटके, बेंबीतून पू, तळहात-तळपाय पिवळे, किंवा पहिल्याच दिवशी कावीळ. यांतले एकही दिसले तर सकाळची वाट बघू नये. १०२ किंवा १०८ ला फोन करावा. डेरवणचे वालावलकर रुग्णालय आपल्याला जवळ आहे.

आपल्या आज्या बाळंतिणीला सव्वा महिना खोलीत ठेवत, येणे-जाणे कमी करीत. ही जुनी रीत आणि आजचे ४२ दिवस यांत फारसे अंतर नाही. ती रीत ठेवावी. पाचवी करावी, बारसे करावे, पण घरच्या चार माणसांत. गावजेवण सहाव्या आठवड्याच्या लसी झाल्यावरही गोडच लागते.

शेवटी एक विनंती. आपल्या फडात तोड चालू असताना टोळीत बाळंतीण असेल तर गावच्या आशाताईंना त्याच दिवशी कळवावे. कोपीतले बाळही कुणाच्या तरी नवसाचेच असते.

हे पान घरातील सासूबाईंना व सूनबाईंना वाचून दाखवावे.

– ऊस विकास अधिकारी