लाटांचा किनारा कसा ओळखावा आणि त्यावर धंदा कसा बसतो?

पर्यटन म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांच्या डोळ्यांसमोर हॉटेल, टॅक्सी आणि नारळपाणी एवढेच येते. सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याचा खेळ, हा त्याच पर्यटनाचा एक भाग आहे. पण त्याचा हिशोब वेगळा आहे. साध्या पर्यटकाला समुद्र दिसला की पुरते. सर्फरला विशिष्ट आकाराची लाट लागते आणि ती मिळेल तिथे तो चांगला रस्ता किंवा चांगली खोली नसली तरी जातो. म्हणूनच एखादे अपरिचित, गरीब मासेमारी गाव अचानक बाजारपेठ बनते. असे गाव आधी ओळखायचे कसे, हे समजण्यासाठी आपण श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरील अरुगम बेचे उदाहरण घेऊ.

कोलंबोपासून रस्त्याने सुमारे 320 किलोमीटरवर, अंपारा जिल्ह्यात पोट्टुविल हे गाव आहे. इथे तमिळ बोलणाऱ्या मुस्लिमांची मोठी वस्ती आहे. गावाला लागूनच अरुगम बेची चंद्रकोरीसारखी खाडी आहे. पाणी वर्षभर कोमट, साधारण 28 अंश. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने ही वस्ती झोडपून काढली, यादवी युद्ध मे 2009 पर्यंत चालले. तरीही लाटांच्या शोधातले लोक येत राहिले आणि 2019 मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय स्पर्धाही झाली. त्यांना तिथे काय सापडले?

पहिली गोष्ट लाटेच्या जन्माची. लाट वाऱ्याने तयार होते. वारा किती जोराचा, किती वेळ आणि किती लांब पाण्यावरून वाहिला, या तिन्हींवर तिची ताकद ठरते. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला वादळे उठतात. तिथून निघालेल्या लाटा हजारो किलोमीटर चालत येताना आपोआप ओळीत लागतात. दोन लाटांमध्ये बारा ते अठरा सेकंदांचे अंतर असेल तर ती दूरची, भरदार लाट समजावी. पाच-सहा सेकंदांनी येणारी लाट जवळच्या वाऱ्याने खवळलेली. ती दिसायला मोठी, पण कामाची नाही. किनाऱ्यावर उभे राहून घड्याळ लावले की हे कुणालाही मोजता येते.

दुसरी गोष्ट वाऱ्याच्या दिशेची, आणि इथेच कोकणचा किनारा मागे पडतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडेही लाटा प्रचंड येतात. पण नैऋत्येचा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, लाटेला मागून ढकलून मोडतो आणि नुसता फेस उरतो. तोच वारा श्रीलंकेच्या पूर्वेला पोहोचतो तेव्हा बेट ओलांडून जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. तो लाटेला समोरून थोपवतो, त्यामुळे ती उभी राहते आणि सावकाश फुटते. म्हणून अरुगम बेचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर, आणि त्यातही सकाळ उत्तम, कारण दुपारी वारा बिघडतो. नोव्हेंबरनंतर ईशान्येचा पाऊस सुरू झाला की गिऱ्हाईक पश्चिम-दक्षिण किनाऱ्यावरील हिक्कडुवा, वेलिगामा, मिडिगामाकडे वळते. एकाच देशात वाऱ्याबरोबर बाजार जागा बदलतो!

तिसरी गोष्ट तळाची. लाट साधारणपणे आपल्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या पाण्यात आली की फुटते. किनारा सरळ आणि तळ सारखा असेल तर सगळी लाट एकदम कोसळते. सर्फरला काही मिळत नाही. पण समुद्रात घुसलेले भूशिर असेल तर दक्षिणेकडून आलेली लाट त्याला वळसा घालते, तिचे एक टोक उथळ पाण्यात आधी अडकते आणि ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उलगडत फुटते. अरुगम बेच्या दक्षिण टोकाला असेच भूशिर आहे. त्याच्या आडोशाला मच्छीमार आपल्या होड्या ठेवतात. ही खूण लक्षात ठेवावी: खवळलेल्या दिवसांतही होड्या जिथे निवांत असतात, तिथल्या भूशिराच्या बाहेरच्या अंगाला लाट तपासावी. सागरी नकाशावर खोलीचे आकडे असतात, पण वाळू दर पावसाळ्यात सरकते. तिचा ताजा पत्ता तांडेलालाच ठाऊक असतो. लाट परत फिरताना आत ओढणारा प्रवाह कुठे आहे, खडक कुठे आहेत, हेही त्यालाच विचारावे. ही चौकशी टाळणारे बुडाले आहेत.

भरती-ओहोटीही पाहावी लागते. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, त्यामुळे जागेचे रूप तासातासाला बदलते. श्रीलंकेत हा फरक मीटरभरही नाही; तिथे जागा दिवसभर जवळपास सारखी राहते.

आता धंद्याकडे वळू. खोल्या आणि खानावळी सगळेच काढतात, आणि लवकरच एकमेकांचे दर पाडतात. आमच्या मते कारागिराला खरी जागा आहे ती फळीच्या दुरुस्तीत. फळी खडकावर आपटते, चिरते, आत खारे पाणी शिरते, ती जड होते. आपल्याकडे फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना हे काम पटकन जमेल, पण एक फरक जाणून घ्यावा. काही फळ्यांचा गाभा पॉलियुरेथेन फोमचा असतो. त्याला होडीसाठी वापरतो तेच पॉलिएस्टर रेझिन चालते. काहींचा गाभा थर्माकोलच्या जातीचा असतो. त्यावर पॉलिएस्टर लावले की गाभा विरघळून खड्डा पडतो आणि गिऱ्हाइकाची महागडी फळी हातची जाते. तिथे इपॉक्सीच हवे. शंका असेल तर आतला चिमूटभर चुरा काढून त्यावर थेंब टाकून पाहावा. कुठलीही फळी बंद करण्यापूर्वी ती पूर्ण सुकलीच पाहिजे. घाईत आत कोंडलेले पाणी उन्हात तापून वरचा थर सुटा करते. घासताना तोंडावर मास्क हवाच, काचेची धूळ फुप्फुसात राहते.

फळ्या भाड्याने देणे, शिकवणे, रिक्षाने दूरच्या जागी नेणे ही कामेही चालतात. अरुगम बेच्या रिक्षावाल्यांनी छतावर फळ्या बांधण्याची सोय केलेली असते. व्हिस्की पॉइंट, पीनट फार्म, ओकांडा या आजूबाजूच्या जागांमुळे त्यांना भाडे मिळते.

भांडवल घालताना मात्र दोन आकडे कागदावर लिहावेत. पहिला, वर्षातले कमाईचे महिने: सहा-सात, बारा नव्हेत. दुकानाचे भाडे मात्र बाराही महिन्यांचे. रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो. 2016 मध्ये तो जून-जुलैत, भर हंगामात आला होता. मजूर आणि खानावळीच्या वेळा त्याप्रमाणे आखाव्या लागतात. दुसरा आकडा, पाण्यापासूनचे अंतर. लाटेसमोरची जागा सर्वात महाग असते आणि 2004 मध्ये सर्वात आधी तीच वाहून गेली. दुरुस्तीच्या दुकानाला समुद्र दिसण्याची काहीच गरज नसते. मागच्या गल्लीत, थोड्या उंचीवर, कमी भाड्यात ते तितकेच चालते. फळी घेऊन गिऱ्हाईक शोधत येते.

भारतातही कर्नाटकात मुल्की आणि चेन्नईजवळचे कोवलम इथे मच्छीमारांची मुले हा खेळ शिकली आणि आता इतरांना शिकवतात. ज्यांना या कामात उतरायचे आहे त्यांनी आधी तिथे आठवडाभर राहून, एखाद्या दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताखाली दोन-चार फळ्या घासून पाहाव्यात.