मन्सूरचा क्रौंच

पशुपक्ष्यांची चित्रे काढू लागलेल्या विद्यार्थ्याला कधी ना कधी एक अडचण येते : समोर पाहावयास तो प्राणीच नसतो. सैबेरियातील पांढऱ्या क्रौंचाचे तसेच झाले आहे. पूर्वी हा पक्षी हिवाळा घालविण्यासाठी राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीत उतरत असे. २००२ नंतर तो तेथे दिसलेला नाही.

मग त्याला पाहावे कोठे? कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात त्याचे एक चित्र आहे. जहांगीर बादशहाच्या दरबारातील चित्रकार उस्ताद मन्सूर याचे हे चित्र सुमारे १६२५ सालचे. शुभ्र अंग, लांब पाय, तोंडावरची पिसे नसलेली तांबडी कातडी, सारे त्यात जसेच्या तसे उतरले आहे. पांढरा पक्षी पांढऱ्या रंगानेच उठावदार करणे हे काम सोपे नव्हे! पीटर पाल्लास या शास्त्रज्ञाने या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले ते १७७३ साली. म्हणजे त्याआधी जवळजवळ दीडशे वर्षे मन्सूरच्या कुंचल्याने त्याची नोंद करून ठेविली होती.

कागदावरील जुने रंग उजेडाने फिके पडतात. म्हणून अशी चित्रे संग्रहालये बहुधा बारा महिने भिंतीवर टांगीत नाहीत. दूरवरून येणाऱ्या विद्यार्थ्याने चित्रकाराचे व पक्ष्याचे नाव लिहून संग्रहालयास आधी पत्र पाठवावे आणि ते चित्र केव्हा पाहावयास मिळेल, हे विचारावे. जाताना बरोबर वही व शिसपेन्सिल असावी. शाईला चित्रांजवळ बहुतेक ठिकाणी मज्जाव असतो.