धडा : गांवचें तळें

गोंदिया जिल्ह्यांतील धानशेती पिढ्यान्‌पिढ्या तळ्यांच्या पाण्यावर पोसली आहे. नवेगांवबांधासारखीं तळीं कोहळी लोकांनीं बांधिलीं. पाळ राखणें व गाळ काढणें हें काम गांव मिळून करी. १९५१ सालीं मालगुजारी संपून तळीं सरकारकडे गेलीं, आणि पुष्कळ ठिकाणीं ती रीत मोडली. गाळ चढला म्हणजे सांठा घटतो. पाळीवरील झाडांच्या मुळ्या कुजल्या म्हणजे पाणी झिरपतें. मग पाटाच्या शेवटच्या बांधीचें पीक प्रथम वाळतें.

यास्तव आम्ही सुचवितों कीं, पावसाळ्यापूर्वीं सर्वांनीं मिळून पाळ तपासावी, काढलेला गाळ शेतांत घालावा, आणि पाण्याची वांटणी ठरवितांना शेवटच्या शेतकऱ्यास व ढिवर बांधवांस अवश्य बोलवावें.

प्रश्न : आपल्या तळ्याची पाळ शेवटीं कोणीं व केव्हां पाहिली?